इंदूरचे कंपोस्ट आणि शेतातील नत्राचा हिशेब

कापसाची शेवटची वेचणी आटोपली म्हणजे माळव्यातील आणि वऱ्हाडातील काळ्या जमिनीवर नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. गुरे त्यांना फारसे तोंड लावीत नाहीत, नांगराच्या फाळाला त्या दाद देत नाहीत आणि जमिनीत पुरल्या तरी लवकर कुजत नाहीत. शेतकरी त्या उपटून बांधाला रचतो. काही चुलीत जातात, उरलेल्यांना उन्हाळ्यात काडी लावली जाते. तुराट्यांची, धसकटांची आणि उसाच्या पाचटाची गत बहुधा हीच होते. गोठ्यातील शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जातो, आणि गोमूत्र तर गोठ्याच्या जमिनीतच मुरते. पिकाने जमिनीतून जे द्रव्य घेतले, त्यापैकी धान्य आणि कापूस बाजारात जाणार हे अटळ आहे. परंतु जे शेतातच राहिले तेही धुरावाटे निघून जावे, हा व्यवहार कोणत्याही जमिनीस फार काळ परवडणारा नाही.

राख शेतात टाकली म्हणजे जमिनीचे सर्व देणे फिटले, अशी एक समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. राखेत पालाश आणि स्फुरद बव्हंशी शिल्लक राहतात. नत्र आणि कर्ब मात्र वायुरूपाने उडून जातात. भारतातील बहुतेक जमिनींत ज्या दोन वस्तूंची वाण आहे, नेमक्या त्याच काडी लावताच नाहीशा होतात.

मग हा काडीकचरा नांगरून जमिनीतच का गाडू नये? पुष्कळ शेतकऱ्यांनी हा प्रयोग करून पाहिला आहे आणि पुष्कळांना त्याचा विपरीत अनुभव आला आहे. काड गाडल्यावर लगेच पेरलेले पीक पिवळे पडते आणि त्याची वाढ खुंटते. शेतकरी म्हणतो, काडाने जमिनीत उष्णता वाढली. निरीक्षण अचूक आहे. कारण मात्र वेगळे आहे.

कुजणे म्हणजे काय

कुजणे ही आपोआप घडणारी झीज नव्हे. ते असंख्य सूक्ष्म जंतूंचे आणि बुरशींचे जेवण आहे. या जंतूंना कर्ब लागतो तो मुख्यतः जगण्याच्या शक्तीसाठी, आणि नत्र लागते ते शरीर बांधण्यासाठी. गव्हाच्या शंभर किलो काडात साधारणपणे चाळीस किलो कर्ब आणि केवळ अर्धा किलो नत्र असते. म्हणजे दोहोंचे प्रमाण ८० : १ पडते. जंतू या कर्बाचा सुमारे दोनतृतीयांश भाग श्वासावाटे कर्बद्विप्राणिल वायूच्या रूपाने बाहेर टाकतात आणि एकतृतीयांश, म्हणजे तेरा किलोंच्या आसपास, आपल्या शरीरात साठवितात. त्यांच्या शरीरात दर दहा भाग कर्बामागे सुमारे एक भाग नत्र असते. तेव्हा या तेरा किलो कर्बासाठी त्यांना १.३ किलो नत्र हवे. काडात आहे अर्धा किलो. उरलेले सुमारे ०.८ किलो नत्र ते भोवतालच्या मातीतून ओढून घेतात, आणि पिकाची कोवळी मुळे उपाशी राहतात.

हे नत्र कायमचे नाहीसे होत नाही. जंतू मेल्यावर ते पुन्हा मोकळे होते. परंतु तोवर आठवडे लोटतात, कित्येकदा महिने लोटतात, आणि पीक थांबत नाही. आता याच हिशेबाला दुसऱ्या बाजूने पाहिले, तर चाळीस किलो कर्बासोबत १.३ किलो नत्र पुरविल्यास जंतूंची गरज बरोबर भागते. प्रमाण येते ३० : १. म्हणून काड आधी शेताबाहेर, या प्रमाणाच्या आसपास मिसळून कुजवावे आणि मगच शेतात न्यावे, ही कंपोस्टमागील मूळ कल्पना होय. शेतात व्हावयाची ओढाताण खड्ड्यातच उरकून घ्यावयाची, इतकाच तिचा अर्थ.

इंदूर येथील कार्य

ही कल्पना शेतकऱ्याला पेलेल अशा रीतीत उतरविण्याचे श्रेय इंदूर येथील वनस्पति-उद्योग संस्थेकडे जाते. सर आल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत आले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या. गॅब्रिएल या स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. संशोधनाचे विषय तुकड्यातुकड्यांनी वाटून देण्याच्या पद्धतीला कंटाळून पिकाचा, जमिनीचा आणि गुरांचा एकत्र अभ्यास करता यावा अशी जागा हॉवर्ड शोधीत होते. १९२४ साली मध्य हिंदुस्थानातील संस्थाने आणि मध्यवर्ती कापूस समिती यांच्या साहाय्याने इंदुरास ती जागा मिळाली. होळकर संस्थानाने जमीन दिली. याच आवारात पुढे इंदूरचे कृषी महाविद्यालय झाले.

कापसाचे पीक सुधारावयाचे तर नुसते बियाणे सुधारून भागत नाही, काळी जमीन सुधारली पाहिजे, हे तेथे लवकरच स्पष्ट झाले. काळी माती पावसाळ्यात फुगते, तिच्यातील छिद्रे मिटतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. ह्यूमस म्हणजे पूर्ण कुजलेले काळसर सेंद्रिय द्रव्य अशा मातीचे कण रवाळ करते आणि हवेला वाट देते. परंतु ह्यूमससाठी शेणखत हवे आणि शेण तर चुलीत गेलेले. हा पेच सोडविताना हॉवर्ड यांनी दोन ठिकाणांहून धडे घेतले. अमेरिकन मृत्तिकाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९०९ साली चीन, कोरिया आणि जपान येथे केलेल्या प्रवासाचे वर्णन १९११ साली प्रसिद्ध झाले होते. तेथील शेतकरी घराचा, गोठ्याचा व गावाचा प्रत्येक टाकाऊ कण जमिनीला परत देऊन शतकानुशतके तीच जमीन कसत आले होते. दुसरा धडा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडचा. तेथे हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ साली काडात अमोनियम लवण घालून जनावरांवाचून शेणखतासारखा पदार्थ तयार करून दाखविला होता. कुजण्यासाठी नत्र बाहेरून द्यावे लागते हे त्यांनी सिद्ध केले. मात्र ते विकतचे नत्र होते. इंदुरास तेच काम गोमूत्राने केले. या कामात रसायन विभागातील यशवंत वाड हे हॉवर्ड यांचे सहकारी होते. दोघांच्या नावाने १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचा ग्रंथ ऑक्सफर्डच्या मुद्रणसंस्थेने प्रसिद्ध केला. जगभर या पद्धतीचा उल्लेख ‘इंदूर पद्धत’ असा होतो. वाड यांचे नाव मात्र त्या मानाने मागे पडले आहे.

खड्डा कसा भरीत

पद्धतीची सुरुवात खड्ड्यापासून होत नसे, गोठ्यापासून होत असे. पऱ्हाट्या आणि तुराट्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरून ठेवीत, आणि जाणाऱ्यायेणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून मऊ होत. कठीण काडाला जंतूंचे दात लागत नाहीत, हे जाणून केलेली ही योजना बिनखर्ची होती. हा चुरा, वाळलेले तण, पालापाचोळा आणि गुरांनी टाकलेला उष्टा कडबा एकत्र मिसळून तो बैलांच्या खाली अंथरला जाई. रात्रभरात तो मूत्राने भिजे व बैलांच्या पायांनी तुडविला जाई. गोठ्याची जमीन फरसबंद न ठेवता मातीचीच ठेवीत. मूत्र पिऊन तृप्त झालेली ही माती काही महिन्यांनी खणून काढीत, बारीक करीत आणि खतासाठी राखून ठेवीत. जनावराने उत्सर्जिलेल्या नत्राचा मोठा वाटा आणि पालाशाचा त्याहूनही मोठा वाटा शेणात नसून मूत्रात असतो. ज्या घरी शेणाचा एकही पोह वाया जाऊ देत नाहीत, त्याच घरी मूत्राकडे कोणी पाहत नाही, हे नवल होय.

खड्डा सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि केवळ २ फूट खोल असे. खोली बेताची ठेवण्याचे कारण हवा. त्याहून खोल खड्ड्यात तळाशी प्राणवायू पोचत नाही, आणि प्राणवायूवाचून कुजणारा पदार्थ आंबतो, घाण सुटते. या खड्ड्यात अंथरलेला काडीकचरा पातळ थरांनी पसरीत. त्यावर थोडी मूत्रमाती आणि लाकडाची राख भुरभुरवीत, मग शेणकाला शिंपडीत आणि वर पाणी मारीत. राख कुजताना निर्माण होणारी आम्लता मारते. शेणकाल्यातून जंतूंचे विरजण मिळते. थर पायाने तुडवावयाचे नाहीत हा कडक नियम होता. खड्ड्याची एक बाजू मोकळी ठेवीत, कारण पुढे सर्व माल पलटावयाचा असे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचीत.

दोनचार दिवसांतच ढीग तापू लागे. आतील उष्णता ६५ अंश शतमानापर्यंत चढे. तणांचे बी, माश्यांच्या अळ्या आणि कित्येक रोगजंतू तीत मरून जात. सुमारे पंधरवड्याने पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी असा क्रम असे. दर पलटीला बाहेरचे आत आणि आतले बाहेर येई, कोरड्या जागी पाणी पडे. आरंभी बुरशींचा पांढरा जाळीदार थर दिसे. पुढे जिवाणूंचे राज्य सुरू होई. तीन महिन्यांत काड ओळखू येईनासे होऊन काळसर, भुसभुशीत, ओल्या मातीच्या वासाचा माल हाती लागे. सुरुवातीस कर्ब-नत्राचे प्रमाण हॉवर्ड व वाड ३३ : १ धरीत, अखेरीस ते १० : १ च्या आसपास उतरे, म्हणजे मातीतील ह्यूमसच्या बरोबरीचे. असे खत पेरणीपूर्वी टाकले तरी पिकाचे नत्र ओढून घेत नाही.

या सर्व तपशिलांत गूढ असे काही नाही. काडाची जाडी, नत्राचे प्रमाण, हवा, ओलावा आणि आम्लता या पाच गोष्टी सांभाळल्या म्हणजे झाले. गावोगावचा उकिरडा यांपैकी एकही सांभाळीत नाही. तो उन्हात सुकतो, पावसात धुपतो, आणि त्याच्या जवळून जाताना नाकाला झोंबणारा दर्प हा अमोनियाच्या रूपाने उडून जाणाऱ्या नत्राचा असतो. शेतकऱ्याने भरलेल्या पैशाची पोती फाटून गळावीत, तसाच हा प्रकार.

कंपोस्टने काय होते आणि काय होत नाही

हॉवर्ड यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाने कंपोस्टला एका पंथाचे रूप आले. ह्यूमसवर वाढलेल्या पिकाला रोग शिवत नाहीत आणि रासायनिक खत हे जमिनीचे विष आहे, अशी विधाने त्यांनी केली. त्यांपैकी पहिले नियंत्रित प्रयोगांनी सर्वसाधारणपणे सिद्ध झालेले नाही. इंदूरचे मूळ कार्य या वादापेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि त्याचे मोल जाणण्यासाठी त्याची मर्यादा मोजणे आवश्यक आहे.

चांगल्या शेतकी कंपोस्टमध्ये शेकडा ०.५ ते १ नत्र असते. अर्धा टक्का धरल्यास एका टनातून ५ किलो नत्र मिळते. बागायती गव्हाच्या भरघोस पिकाला हेक्टरी शंभर ते एकशेवीस किलो नत्र लागते. म्हणजे केवळ नत्राचा विचार केला तरी वीसपंचवीस टन कंपोस्ट हवे, आणि त्यातीलही जेमतेम चतुर्थांश ते तृतीयांश नत्र पहिल्या वर्षी पिकाच्या हाती लागते. इतके काड आणि इतके शेण लहान शेतकऱ्याच्या घरी नसते. शिवाय कंपोस्ट नवे स्फुरद निर्माण करीत नाही. शेतातील होते तेच परत देते. धान्याबरोबर जे बाजारात गेले ते गेलेच. त्याची भरपाई द्विदल पिकांनी हवेतून बांधलेल्या नत्राने काही अंशी होते. स्फुरदाची तीही होत नाही.

या प्रश्नाचा निकाल लावणारे प्रयोग भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून देशाच्या निरनिराळ्या भागांत चालविले आहेत. एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षे तेच खत देत जावयाचे आणि पिकाची व मातीची नोंद ठेवावयाची, अशी त्यांची योजना आहे. हिमाचल प्रदेशातील पालमपूर आणि झारखंडातील रांची येथील आम्लधर्मी जमिनीत ज्या तुकड्यांना केवळ नत्रखत दिले, त्यांची आम्लता वाढत जाऊन उत्पादन कोसळले. पालमपुरास तर मक्याचे पीक त्या तुकड्यांवर जवळजवळ नामशेष झाले. नत्र, स्फुरद व पालाश यांची संतुलित मात्रा आणि तिच्या जोडीला शेणखत ज्या तुकड्यांना मिळाले, त्यांचे उत्पादन बहुतेक सर्व केंद्रांवर सर्वांत स्थिर राहिले आणि मातीतील सेंद्रिय कर्बही टिकला वा वाढला. पोत्यातील खत की खड्ड्यातील खत, हा वाद या तुकड्यांनी निकालात काढला आहे. एकाने पिकाला जेवण मिळते. दुसऱ्याने जमिनीत ते जेवण धरून ठेवण्याची आणि पाणी साठविण्याची शक्ती राहते.

श्रमाचा प्रश्न

इतके असूनही इंदूर पद्धत तिच्या मूळ रूपात गावोगाव का रुजली नाही? शेतकरी आळशी आहे, हे कचेरीतील उत्तर झाले. खरे उत्तर श्रमात आहे. तीन वेळा पलटी म्हणजे ओला, जड माल तीन वेळा उपसून टाकणे. संस्थेपाशी पगारी मजूर आणि बैलांच्या जोड्या होत्या. पाच एकरांच्या शेतकऱ्याला हेच काम पेरणीच्या नाहीतर कापणीच्या धांदलीत करावे लागते. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, आणि बैलांबरोबर शेण, मूत्र आणि काड चिरडणारी चाकेही कमी झाली.

म्हणून पुढील संशोधकांचे लक्ष पलटी वाचविण्याकडे वळले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ पासून जी रीत बसविली, तीत शहराचा कचरा आणि मैला आळीपाळीने चरात भरून वर माती लिंपून टाकतात. पलटी नाही, परंतु पाचसहा महिने थांबावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी वेगळाच मार्ग काढला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखले जाणारे टाके जमिनीवर विटांचे बांधतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत ठिकठिकाणी विटा गाळून छिद्रे ठेवलेली असतात, त्यांतून हवा खेळते. सुमारे चौदाशे ते पंधराशे किलो काडीकचरा, शंभर किलोंच्या आत शेण आणि सतराशे किलोंच्या घरात चाळलेली कोरडी माती थरांनी भरून वर शेणमातीने लिंपतात. तीन ते चार महिन्यांत अडीच ते तीन टन खत तयार होते. या आकड्यांत लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे शेणाचे अल्प प्रमाण. ज्याच्या दारी एकच गाय आहे त्यालाही हे टाके भरता येते. माल जड होतो व त्यात मातीचाच भरणा अधिक असतो, हे या पद्धतीचे उणे. परंतु पलटीचे कष्ट वाचतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच निर्णायक ठरते.

पंजाब-हरियाणातील भाताच्या पेंढ्याचा प्रश्न याच जातीचा आहे, फक्त त्याचे आकारमान प्रचंड आहे. यंत्राने कापणी झाल्यावर पेंढा शेतातच पसरून राहतो. वालुकाजन्य द्रव्य अधिक असल्याने वैरण म्हणून तो हलका ठरतो, आणि गव्हाच्या पेरणीला दोनतीन आठवडेच उरलेले असतात. एक टन पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद आणि २५ किलो पालाश असते. तरी शेतकरी काडी लावतो, कारण त्याच्यापाशी दिवस नाहीत. हॉवर्ड ज्या पुसा संस्थेत प्रथम आले, तीच पुढे दिल्लीस हलली. त्या संस्थेने २०२० साली पेंढा कुजविणाऱ्या बुरशींच्या कुप्या प्रचारात आणल्या. परंतु बुरशीलाही नत्र लागते, ओल लागते आणि वीसपंचवीस दिवस लागतात. ज्या शेतात हे दिवस मिळतात तेथे कुपी उपयोगी पडते. इतरत्र पेंढा न हलविता त्यातूनच गव्हाची पेरणी करणारे यंत्र अधिक सोयीचे ठरते. पेंढा पृष्ठभागावर राहिला तर मातीशी त्याचा संबंध थोडा येतो, आणि पिकाच्या नत्राची ओढाताणही त्या मानाने कमी होते.

राहिला प्रश्न धान्याबरोबर शहरात गेलेल्या द्रव्याचा. वाड यांनी एफ. के. जॅक्सन यांच्यासह १९३४ सालीच वस्तीतील मैला व कचरा इंदूर पद्धतीने कुजविण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. त्याच इंदूर शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओला कचरा पचवून त्यापासून इंधनवायू काढणारा कारखाना सुरू झाला, आणि त्यातून उरणारा गाळ खत म्हणून उपयोगी पडतो. अशा खताचा गुण कारखान्याहून अधिक घरातील कचऱ्याच्या डब्यावर अवलंबून असतो. काच, बॅटरी आणि रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात मिसळले, तर त्यांतील शिसे आणि कॅडमियम खताबरोबर शेतात पोचतात व तेथून ते काढता येत नाहीत. ओला व सुका कचरा घरोघरी वेगळा ठेवण्याची शिस्त ज्या शहरांनी लावली आहे, तेथील खत शेतकऱ्याने निःशंकपणे घ्यावे. इतर ठिकाणी ते घेण्यापूर्वी जड धातूंच्या तपासणीचा दाखला मागावा.